चार शीलांचं लग्न

महेंद्र लंकेला गेला तेव्हा त्याच्या आईनं विहारात खीर वाटली.

सत्त्याऐंशी सालचा पावसाळा होता. वर्षावासाचे दिवस. नालवाडीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं आणि सगळी वस्ती जमायची. कवडूजींच्या महेंद्रची पलटण शांतिसेनेत लंकेला निघाली, ही बातमी तिथंच कळली. फौजेतला मुलगा परमुलखात निघाला की घरचे काळजीत पडतात. इथं उलट झालं. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र बुद्धाचा धम्म घेऊन लंकेला गेला, हे विहारात बसणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. कवडूजींनी मुलाचं नाव त्याच्यावरूनच ठेवलं होतं.

"नाव ठेवलं तवा काय मालूम होतं बाई, खरंच जाईन म्हणून," तानाबाई खीर वाढताना प्रत्येकीला सांगत होत्या.

"मंग त्याले सांगजो, बोधिवृक्षाचं एक पान घेऊन येजो म्हणा," शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या. "विहारात फ्रेम करून लावू."

लंकेलाही उत्तर आणि दक्षिण असते, बोधिवृक्ष एकीकडे आणि लढाई दुसरीकडे असू शकते, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होतो.

महेंद्र माझा शाळेपासूनचा मित्र. आमचं घर वस्तीच्या अलीकडे, रस्त्याच्या या बाजूला. आम्ही शेतीवाले. आमच्या घरी पंचशील म्हणत नाहीत. पण विहाराचा भोंगा आमच्या अंगणाकडे तोंड करून आहे, त्यामुळे शाळेतल्या प्रार्थनेच्या आधी मला पंचशील पाठ झालं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, सुरुवात याच पाच शीलांनी होते. एक जण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात.

सगळ्यांत मोठा आवाज कवडूजींचा. ते पुलगावच्या दारूगोळा डेपोत मजूर आहेत. पेट्या उचलणं, रचणं, वॅगनमध्ये चढवणं. वर्ध्याहून सकाळच्या पॅसेंजरनं जातात, संध्याकाळी परततात. निघण्याआधी तसबिरींपुढं उभं राहून पाचही शीलं मोठ्यानं म्हणतात. त्यांचा आवाज आला की आमची आई चहाचं आधण ठेवते. एवढं ते ठरलेलं.

महेंद्र एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी सेलूकडची, कांता. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची तारीख.

तो आला त्या दिवशी घर माणसांनी भरलं. प्रमिलाबाईंनी येतानाच फ्रेम आणली होती. रिकामी, काच पुसलेली.

"पान कुठी हाय रे बापू?"

महेंद्र ट्रंकेवर बसला होता. तो म्हणाला, "मावशी, आम्ही होतो तठी ताडाचीच झाडं होती."

"अन् बोधिवृक्ष?"

"थो लय खाली. तिकडं आम्हाले जाऊ देत नव्हते."

"दोन वर्सं लंकेत राह्यला अन् बोधिवृक्ष नाई पाह्यला!" प्रमिलाबाई हसल्या. "असा कसा रे तू महेंद्र?"

सगळे हसले. तोही हसला. मग उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

चौदा एप्रिलला सकाळी विहारात मी त्याच्या शेजारी उभा होतो. जयंतीची गर्दी होती. प्रभाकरराव मास्तर शीलं देत होते. ते प्राथमिक शाळेत शिकवतात आणि वस्तीतली लग्नंही तेच लावतात. पहिलं शील आलं. पाणातिपाता, म्हणजे जीव घेणार नाही. गर्दीनं ते उचललं. महेंद्रचे ओठ बंद होते. मला वाटलं, गर्दीत गुदमरला असेल. दुसऱ्या शीलाला त्याचा आवाज आला. तिसऱ्याला आला. पाचही झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाल, तुह्या वावरात जाऊ."

वावरात विहिरीच्या काठाला कडुनिंब आहे. ऊन टळटळीत होतं. तिथं त्यानं सांगितलं.

पहिले काही आठवडे बरे होते. बायांनी त्यांना ओवाळलं होतं. पोरं गाड्यांच्या मागं धावायची. "आम्ही वाचवाले आलो असं त्याइले वाटे. आम्हाले बी वाटे." मग सगळं फिरलं. ज्यांना शस्त्रं खाली ठेवा म्हणून सांगायचं होतं, ती त्याच गावांतली पोरं होती. त्यांनी ठेवली नाहीत. लढाई लागली. ओवाळणाऱ्या बायांनी दारं लावून घेतली.

महेंद्र मॉर्टरवर होता. मॉर्टर म्हणजे आभाळाकडे तोंड केलेली नळी. वरून गोळा सोडायचा, मान खाली घालायची, कान दाबायचे. गोळा झाडांवरून जातो आणि पलीकडे पडतो. पलीकडे काय आहे ते सोडणाऱ्याला दिसत नाही. वायरलेसवरचा माणूस आकडे सांगतो, त्याप्रमाणे नळीचं तोंड फिरवायचं.

"एका दिवशी सकाळी सुरुंगात आमचा एक पोरगा गेला. भंडाऱ्याकडचा. माह्यासंगं जेवे. मंग दुपारी ताडाच्या बनामागून आमच्यावर गोळ्या सुरू झाल्या. हुकूम आला. आम्ही टाकले गोळे. एक सांगून ठेवतो तुले. त्या दिवशी मले टाकावंच वाटत होतं. कोणी जबरदस्ती नाई केली माह्यावर."

त्यानं कडुनिंबाची एक काडी उचलून मोडली.

"दुसऱ्या दिवशी तिथूनच आमची गस्त गेली. बनामागं देऊळ होतं. लहानसं. गोळीबार सुरू झाला तसे आजूबाजूचे लोक जीव वाचवाले त्यात शिरलते. बंदूकवाले केव्हाचे निघून गेले होते."

त्यानं पायातली चप्पल काढली आणि आपल्यापुढं नीट ठेवली.

"दाराशी चपला होत्या. ओळीनं. वरून गोळ्या चालल्या, जीव घेऊन पळून राह्यले, तरी देवळात शिराच्या आधी लोकाइनं चपला काढल्या होत्या. पोराइच्या बी. आपल्या विहाराबाहेर राह्यतात तशा."

"आत गेलास?"

"गेलो. थे नाई सांगत तुले."

शोकांतिकेवर मी पेपरात पानंच्या पानं लिहिली आहेत. मी विहिरीत बघत राहिलो. पाणी खोल गेलं होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "गोळ्याइच्या पेट्या डेपोतून येत. उघडताना मनात ये, यातली एखांदी बाबानं उचलली असन."

मग आपणच मान हलवली. "नसन बी. डेपो का एक हाय?"

मला वाटलं, त्याला पश्चात्ताप होतो आहे आणि हळूहळू तो निवळेल. माझा अंदाज चुकला. त्याची अडचण दुसरीच होती. लग्नात नवरदेवाला नवरीसोबत पाचही शीलं सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणावी लागतात. गर्दीत ओठ मिटून भागत नाही. अकरा जूनला त्याची सुट्टी संपत होती. पलटण तिथंच होती. तो परत त्याच नळीजवळ जाऊन उभा राहणार होता.

"मागचं झालं थे झालं म्हणतीन लोक," तो म्हणाला. "पण हे तर पुढचं बोलणं हाय. जीव घेणार नाई, असं बुद्धासमोर म्हणू, अन् तीन आठवड्यानं गाडीत बसू?"

"मग जाऊ नकोस."

"फौजेतून पळू? आन् माह्या जागी कोण उभा राहीन? दुसऱ्याच मायचा पोरगा ना?"

मी त्यालाच विचारलं, "मग करणार काय?"

"बाकीचे चार म्हणीन."

घरी हे कळायला वेळ लागला नाही. त्यानंच सांगितलं. संध्याकाळची वेळ होती. कवडूजी नुकतेच पुलगावहून आले होते, अंगणात बाजेवर बसून पाय धूत होते. माझे वडील अण्णाजी आणि महेंद्रचे मामा बबनराव तिथंच होते. अण्णाजी खादी घालतात आणि अजूनही सेवाग्रामला प्रार्थनेला जातात. कवडूजींचं आणि त्यांचं रोज भांडण होतं आणि रोज चहा होतो.

महेंद्रचं ऐकून आधी बबनरावच बोलले.

"आरे, पह्यलं शील म्हणून लोक मांडवातच मटन खातात. पाचवं शील मी सकाळी घेतो अन् सांजच्याले सोडतो. तोंडानं म्हणाले काय जाते बे?"

"तुम्ही दारू पेल्यानं कोण मरते मामा?"

"तुही मामी मरते ना रोज."

कवडूजी सोडून सगळे हसले. ते पाय पुसत होते.

"एकाहत्तर साली आम्ही डेपोतून दिवस दिवस घरी नाई आलो," ते म्हणाले. "वॅगनमांगं वॅगन. पाठीची साल निंगली. तिकडून बाया-पोरं पळून येत होते, लाखानं. फौज गेली नसती तर थे मेले असते. मंग थे पाप होतं काय? अण्णाजी, तुमचं सूत कातून थांबलं असतं थे?"

"नसतं थांबलं," अण्णाजी म्हणाले. "मी कुठी म्हणतो थांबलं असतं म्हणून? पण आमच्या टायमाले शांतिसेना म्हणजे बिनकाठीचे पोट्टे. दंग्याच्या मधात जाऊन उभे राहत. त्याच नावानं तोफा गेल्या, येवढंच मले कसंसं लागते."

"मंग तुमचेच पोट्टे पाठवाचे होते लंकेले."

"पाठवाले पाह्यजे होते."

"मेले असते सगळे."

"हो," अण्णाजी म्हणाले. "थेच मेले असते."

तानाबाई चहा घेऊन आल्या आणि कप तसेच हातात धरून उभ्या राहिल्या.

"बाबा," महेंद्र म्हणाला, "फौज जाणं चूक का बरोबर, मले नाई कळत. एकाहत्तरचं बरोबर असन. हे बी असन. लोकाइले वाचवाले गेलो हे खोटं नाई. पण देवळात जे होते त्याइले कोणी इचारलं नव्हतं. थे कोणाच्या माथी टाकू?"

"हुकूम देणाऱ्याच्या."

"हुकूम देणारा लग्नात माह्या बाजूनं उभा राहीन काय?"

कवडूजी उठले. "सारी जिंदगी मी शील घेऊन डेपोत गेलो. एक दिवस चुकलो नाई. माह्या पोटाले लाज नाई वाटली. तुलेच काऊन वाटून राह्यली? तू शिकला म्हणून?"

"तुम्ही पेटी बंद करता, बाबा. मी उघडतो."

कवडूजींनी हातातला पंचा बाजेवर आपटला आणि आत गेले. चहा तसाच निवला.

नंतर प्रभाकरराव मास्तरांना बोलावण्यात आलं. मास्तर शांत माणूस. त्यांनी महेंद्रला जवळ बसवून समजावलं. शील म्हणजे शपथ नव्हे, शिक्षण आहे. आपण ते शिकतो आहोत, असं म्हणायचं. कालचं सोडायचं, आजपासून सुरुवात करायची. अशोकानं कलिंगात एवढा रक्तपात केला, त्यालाही धम्मानं जवळ घेतलं.

"सर, अशोकानं मंग लढाई सोडली," महेंद्र म्हणाला. "त्याले सोडता आली. थो राजा होता. त्याची कुठी सुट्टी संपणार होती?"

मास्तर उठले. जाताना दाराशी मला म्हणाले, "पाचातलं एक गाळून मी लग्न लावलं नाही कधी. लावता येतं की नाही, तेही मला माहीत नाही."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. विहारापुढं मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तानाबाई रोज मला गाठायच्या. "तू तरी सांग रे त्याले. तुह्यं ऐकते थो." मी सांगून पाहिलं. तो ऐकून घ्यायचा. एका जागी बसायचा नाही. सायकल काढून सिंदी मेघेपर्यंत जायचा आणि काही काम नसताना परत यायचा. कुठल्याही घरासमोर, देवळासमोर चपला दिसल्या की नजर वळवायचा. मला ते आता दिसायला लागलं होतं. आणि मग मलाही त्या चपला दिसायला लागल्या.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, "कांताले सांगतो. मांडवात तिले धक्का नको."

आम्ही सायकलनं सेवाग्रामला गेलो. कांताची ड्यूटी संपायची होती. दवाखान्याबाहेर रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली चुली मांडून भाकरी करत होते. ती बाहेर आली. उंच, सावळी. आल्याबरोबर मला म्हणाली, "तुम्ही कशाले आले? हे एकटे बोलू शकत नाई का?"

"तो सायकल एकटा चालवू शकत नाही," मी म्हणालो. ती जराशी हसली. नंतर हसण्यासारखं काही झालं नाही.

महेंद्रनं सगळं सांगितलं. विहिरीवर मला सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत. चपलांपर्यंत. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "जखमी किती वेळ तसेच होते?"

मी चमकलो. मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"रातभर," तो म्हणाला. "रस्ता सुरुंगाचा होता. सकाळी आम्ही गेलो तवा जे होते त्याइले उचललं. आमच्याच डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या. मी धरून होतो एका बाईले."

"म्हणजे गोळाही तुमचा अन् पट्टीही तुमचीच."

"हो."

"थे बाई काही बोलली?"

"बोलत होती. मले तिची भाषा येत नाई."

कांता हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. ती पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"मले आज काही सांगता नाई येत," ती म्हणाली. "लग्नाचं बी नाई सांगता येत. तुम्ही जा."

परतताना महेंद्र पुढं होता. एकदाही मागं वळला नाही.

तिच्याकडून निरोप आला नाही. येईल म्हणून आम्ही रोज वाट पाहिली. नाही म्हणाली असती तर महेंद्र सुटला असता, असं मला वाटतं. हो म्हणाली असती तरी. लग्नाच्या सकाळपर्यंत काहीच आलं नाही. मग सेलूकडची जीप आली आणि तिच्यातून कांता उतरली. पांढरं लुगडं, केसांत मोगरा. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या. उन्हाची झळ आत येत होती. मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता. मी जाऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. महेंद्रला त्या दिसू नयेत एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मास्तरांनी सुरुवात केली. त्रिशरण झालं. दोघांचे आवाज नीट आले. मग पहिलं शील. मास्तरांनी ते सांगितलं आणि थांबले.

कांतानं म्हटलं. स्पष्ट, शेवटपर्यंत.

महेंद्र गप्प होता.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. आवाज थोडा खाली आला होता. महेंद्रनं हात जोडलेलेच ठेवले. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "विसरला वाटते नवरदेव." दुसरा म्हणाला, "आरे, मटन शिजून राह्यलं ना मांगं, म्हणून." थोडं हसू झालं.

मग कवडूजी उठले. पहिल्या रांगेतूनच, मोठ्यानं, रोज सकाळी म्हणत तसं त्यांनी शील म्हणायला सुरुवात केली. मुलाच्या तोंडात घालावं तसं एकेक शब्द तोडून. अर्ध्यावर त्यांची नजर महेंद्रकडे गेली. महेंद्र त्यांच्याकडे पाहत होता. रागानं नाही. लहानपणी आम्ही परीक्षेत अडलो की एकमेकांकडे बघत असू, तसं. कवडूजींचा आवाज तिथंच थांबला. तोंड उघडं राहिलं. मग ते खाली बसले.

आता हसू नव्हतं. कांताचे वडील नत्थूजी पुढं आले. साधा माणूस. गावच्या शाळेत शिपाई आहेत.

"मास्तर, जो जीव न घ्याचं शील घेत नाई त्याच्या घरी मी माही पोरगी कशी देऊ? कांता, ऊठ."

तानाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी कांताकडे पाहिलं. सगळेच पाहत होते.

ती उठली नाही.

"बाबा, मले माहीत होतं. यायनं सांगितलं होतं मले."

"अन् तू मले नाई सांगितलं?"

"माह्यंच ठरलं नव्हतं."

"मंग आता ठरलं?"

"खोटं बोलाचं नाई हे चौथं शील हाय, बाबा. पह्यलं म्हटलं असतं यायनं, तर चौथं मोडलं असतं. अन् मले कळलं बी असतं. मंग मी उठली असती."

नत्थूजी तिच्याकडे बघत राहिले. मग मास्तरांकडे. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दुसरं द्या सर," कांता म्हणाली.

मास्तरांनी दुसरं शील दिलं. दोघांनीही म्हटलं. तिसरं. चौथं. चौथ्याला महेंद्रचा आवाज फाटला, पण पुरा झाला. पाचवं. हार घातले. फुलं पडली. नत्थूजींनी मुठीतली फुलं टाकली नाहीत. जेवणं झाली तेव्हा ती तशीच त्यांच्या खिशात होती, चुरगळलेली.

संध्याकाळी जीप निघून गेली. पाहुणे पांगले. महेंद्रनं माझ्यासमोरच कांताला म्हटलं, "तुह्ये लय उपकार झाले."

"उपकार नका म्हणू," ती म्हणाली. "मी तुम्हाले माफ नाई केलं. माफ करणारी मी कोण? थे तिथले लोक. मी फक्त उठली नाई. अन् एक आताच सांगतो. तुमच्या वाटचं पह्यलं शील मी नाई म्हणणार. ज्या दिवशी जमन त्या दिवशी तुम्हीच म्हणजा. मले ऐकू येईन असं."

अकरा जूनला आम्ही त्याला वर्धा स्टेशनवर सोडलं. कवडूजींनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. लग्नानंतर बापलेक कामापुरतंच बोलत होते. गाडी हलायच्या आधी कवडूजींनी खिडकीतून हात घालून मुलाच्या डोक्यावर ठेवला. काहीतरी बोलायला गेले. शिटी झाली.

वस्तीत बोलणं व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, लंकेनं त्याचं डोकं बिघडवलं. कुणी म्हणालं, फौजेचा पगार घेतो आणि शहाणपण सांगतो. बबनरावांनी चार दिवस दारू सोडली. प्रमिलाबाईंची फ्रेम कवडूजींच्या भिंतीवर आहे, रिकामीच. तानाबाई तिची काच पुसतात.

आज नोव्हेंबर संपत आला. फौज परत येणार, असं रेडिओवर सांगतात. कधी सांगतात, कधी सांगत नाहीत. महेंद्र अजून तिथंच आहे. त्याची नळी कुठल्या दिशेला तोंड करून आहे, मला माहीत नाही. वर्तमानपत्र उघडलं की मी आधी आपल्या किती जवानांना काय झालं ते बघायचो. आता तिथल्या लोकांचं काय झालं म्हणून खालच्या बारीक ओळीही बघतो. बहुतेक वेळा तिथं काही नसतं.

कांता सासरी राहते आणि रोज सेवाग्रामला जाते. सकाळी तसबिरींपुढं आता ती शीलं सांगते. आमच्या अंगणात ऐकू येतं. पहिलं शील ती म्हणते, तानाबाई म्हणतात. मग ती थोडी थांबते. दुसऱ्या शीलापासून कवडूजींचा आवाज येतो.

आधी मला वाटलं, त्यांना उठायला उशीर होत असेल. आईचं चहाचं आधणही मागंपुढं व्हायला लागलं. काल सकाळी ते डबा घेऊन निघाले तेव्हा मी फाटकाशी होतो. मी सरळ विचारलं.

"कवडूजी, तुम्ही पहिलं शील म्हणत नाही?"

ते थांबले. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पेन्शनले दोन वर्सं हाय," ते म्हणाले. "काम नाई सोडता येत. इतके साल म्हणलो, जीभ अडली नाई. आता अडते."

"मग?"

"पोरगा येऊ दे. दोघं मिळून पाहू, म्हणता येते काय."

पॅसेंजरची वेळ झाली होती. ते स्टेशनकडे चालू लागले.